कार्डाचे पैसे

मेंबरशिपच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न म्हणजे, "पैसे वसूल होतात का?" विचारणारा मराठी असो, गुजराती असो, चिनी असो नाहीतर पोलिश, प्रश्न तोच. उत्तरही ठरलेलं असतं: होतात, पहिल्या एकदोन फेऱ्यांतच होतात. काउंटरमागे उभी राहून मी हे उत्तर कित्येक वर्षं दिलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त कुणाचे होतात आणि कुणाचे नाहीत, हे विचारायचं रांगेतल्या माणसाला सुचत नाही, आणि आम्ही ते आपणहून सांगावं असं काही कारण नसतं. आता ती नोकरी सुटलीय, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

मध्य न्यू जर्सीतल्या एका होलसेल क्लबात मी काम करत होते. अमेरिकेत असे तीन मोठे क्लब आहेत: कॉस्टको, सॅम्स क्लब आणि बीजेज. मी त्यांतल्या कुठल्यात होते ते सांगत नाही. पुढे कॉस्टकोचे आकडे येतील ते एवढ्याचसाठी की ते जगजाहीर आहेत, आणि तिघांचाही धंदा एकाच साच्यातला आहे. डोंबिवलीत एम.कॉम. झालेली मुलगी अमेरिकेत जाऊन दुकानात उभी राहते, हे आईच्या पचनी पडायला वेळ लागला. सासरी तर "ती तिकडे अकाउंट्समध्ये आहे" असंच सांगितलं जायचं. ग्रीन कार्ड येईपर्यंत मला कामाची परवानगीच नव्हती, आणि ते आलं तोवर पदवीवर धूळ बसलेली. घराजवळ, सकाळची पाळी आणि वर आरोग्यविमा, अशी नोकरी हीच होती. पगारही इतर दुकानांपेक्षा बरा. गुडघे मात्र तिथल्या सिमेंटच्या जमिनीने घेतले.

बाहेरून पाहिलं तर क्लब म्हणजे एक भलंमोठं गोडाऊन, आणि आतूनही तेच. डोक्यावर उघड्या तुळया, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या. माल ज्या लाकडी पॅलेटवर ट्रकमधून येतो त्याच पॅलेटवर विकायला ठेवायचा. वरचं प्लॅस्टिक फाडायचं, खोक्याची पुढची बाजू कटरने कापायची, झाली मांडणी. पहाटे आमचे फोर्कलिफ्टवाले पिवळी जाकिटं चढवून रांगाच्या रांगा भरून टाकत, आणि दार उघडायच्या आत गाड्या बाजूला. एकेक बरणी हाताने फळीवर लावणारा माणूस इथे नसतो. स्वस्ताईतला बराचसा भाग त्या नसलेल्या माणसाच्या पगारातून येतो. पिशव्याही क्लबाने कधी दिल्या नाहीत. माल आलेली रिकामी खोकी दाराशी ठेवलेली असतात, हवी ती उचला. न्यू जर्सीने २०२२ मध्ये दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद केल्या तेव्हा बाकीच्या दुकानांत महिनाभर वादावादी चालू होती, आमच्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुधाचे कॅनसुद्धा २००८ च्या सुमाराला चौकोनी झाले. क्रेट न लावता एकावर एक रचता येतात, ट्रकमध्ये जास्त मावतात, भाव उतरतो. ओतायला गेलं की पहिली धार ओट्यावर जाते, ती गोष्ट वेगळी.

ही कल्पना सॉल प्राइस नावाच्या गृहस्थांची. १९७६ साली सॅन डिएगोच्या मोरेना बुलेव्हारवर, हॉवर्ड ह्यूज यांच्या मालकीच्या जुन्या विमानाच्या हँगरमध्ये त्यांनी 'प्राइस क्लब' काढला. वर्षाची फी २५ डॉलर, आणि सुरुवातीला प्रवेश फक्त छोट्या धंदेवाल्यांना: खाणावळवाले, कोपऱ्यावरचे दुकानदार. १९८३ मध्ये त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या जिम सिनेगल यांनी जेफ ब्रॉटमन यांच्याबरोबर सिअ‍ॅटलला कॉस्टको काढलं. त्याच वर्षी ओक्लाहोमात सॅम वॉल्टन यांनी सॅम्स क्लब उघडला, आणि प्राइस यांच्या कल्पना आपण उचलल्या हे त्यांनी मोकळेपणाने कबूलही केलं. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये बीजेज. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले. म्हणजे मुळात ही सोय दुकानदारासाठी होती. घरोघरच्या स्वयंपाकघरात ती नंतर शिरली. हे मी लक्षात ठेवलं, कारण काउंटरवर ज्यांचे पैसे डोळे मिटून वसूल होतात असे लोक आजही तेच आहेत. आमच्याकडे एक केटरिंग करणाऱ्या मराठी बाई यायच्या. वीस पौंडांच्या बासमतीच्या पाच गोण्या, तेलाचे मोठे कॅन, कांद्यांची पोती, दह्याचे डबे. त्यांची यादी पाठ असायची, कार्ट कधी वेडीवाकडी वळायची नाही, आणि सणाच्या सजावटीकडे त्या मान वळवूनही बघायच्या नाहीत. "ताई, फी कितीही वाढवा, मला काही फरक पडत नाही," असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

बाकीच्यांचा हिशेब गुंतागुंतीचा आहे, आणि तो कळायला क्लबाची कमाई कुठून होते ते बघावं लागतं. साध्या सुपरमार्केटात तीसेक हजार वस्तू असतात. कॉस्टकोत चार हजारांच्या आत. केचप एखाद्या प्रकारचं, फार तर दोन. वस्तू कमी म्हणून प्रत्येकीची खरेदी प्रचंड, त्यामुळे पुरवठादाराशी घासाघीस करायची ताकदही तेवढीच. मग त्या वस्तूवर नफा किती घ्यायचा, तर नामांकित मालावर चौदा टक्के आणि स्वतःच्या 'कर्कलंड'च्या मालावर पंधरा टक्के, याच्या वर जायचं नाही असा त्यांचा दंडक आहे. एवढ्याशा नफ्यात गोडाऊन, पगार, वीज निघते आणि थोडं उरतं. खरी कमाई कार्डाची. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोला नुसत्या मेंबरशिपच्या फीतून ४८० कोटी डॉलर मिळाले, त्यांच्या त्या वर्षीच्या ऑपरेटिंग नफ्याच्या निम्म्याहून अधिक. आणि अमेरिका-कॅनडात दर शंभरातले नव्वदहून जास्त लोक कार्ड पुन्हा काढतात. कोट्यवधी माणसं वर्षाच्या सुरुवातीलाच पैसे देऊन टाकतात, मग एखादं फिरकलं नाही तरी दुकानाचं काही बिघडत नाही.

म्हणून माल विकायची आम्हाला कधी घाई नसायची. माल आपोआप विकला जातो. सकाळच्या छोट्या मीटिंगमध्ये मॅनेजर आकडा सांगायचा तो कार्डांचा: काल किती नवी झाली, किती जणांनी वरचं कार्ड घेतलं. कॉस्टकोचं साधं कार्ड सप्टेंबर २०२४ पासून ६५ डॉलर आणि वरचं १३०. वरच्या कार्डावर खरेदीचे दोन टक्के वर्षाअखेरीस परत मिळतात. आता गणित सोपं आहे. जास्तीचे ६५ डॉलर दोन टक्क्यांनी भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी लागते, महिन्याला २७० च्या थोडी वर. मी समोरच्याला कॅलक्युलेटरवर हे करून दाखवायचे, आणि दहातले आठ जण म्हणायचे, "एवढं तर सहज होतं." होतंही. पण हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मला नेहमी गमतीचं वाटायचं, कारण त्या क्षणी दर महिन्याला २७० डॉलर इथेच खर्च करायचे हे त्यांनी मनाशी नक्की केलेलं असायचं. मग बाहेरच्या भाजीवाल्याकडे टोमॅटो स्वस्त असले तरी गाडी इकडेच वळते. परताव्यातून वरच्या फीतला फरक भरून निघाला नाही तर तो मागून घेता येतो, सगळी फीसुद्धा परत मिळते. पण त्यासाठी काउंटरवर येऊन मागावी लागते. मागायला येणारे फार थोडे.

आत शिरलं की वाट सरळ नसते. दाराशी टीव्ही आणि दागिने, मध्ये कपडे, पुस्तकं, त्या त्या मोसमाचा माल, आणि दूध, अंडी, भाजलेली कोंबडी पार मागच्या भिंतीला. रांगांवर पाट्या नाहीत. गेल्या महिन्यात जिथे बदाम होते तिथे आज टॉवेल असतात, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. पाच डॉलरला एक सेंट कमी अशी ती कोंबडी कॉस्टको वर्षानुवर्षं त्याच भावाने विकतं. तो भाव टिकवायला त्यांनी नेब्रास्कात स्वतःचा कोंबड्यांचा कारखाना काढला, २०१९ मध्ये. एवढा खटाटोप का, तर कोंबडीपर्यंत पोचायला सगळं दुकान ओलांडावं लागतं. मार्च महिन्यात, बाहेर बर्फाचे ढीग असताना, दूध आणायला आलेला माणूस छोटी होडी घेऊन जाताना मी पाहिलाय. ती त्याच्या गाडीत मावत नव्हती. दुकानातल्या एका मुलाने त्याला सुतळी दिली, टपाला बांधून घेऊन गेला.

निघताना दाराशी पावती तपासतात. लोकांना हा अपमान वाटतो. "आम्ही काय चोर आहोत का?" मला अधूनमधून त्या दाराशी उभं करायचे. खरं तर तिथे नजर जाते ती कार्टच्या खालच्या फळीवर, कारण पाण्याची पेटी नाहीतर कुत्र्याच्या खाण्याची गोणी तिथेच राहून जाते आणि बिलात येत नाही. उलटही होतं. एकच चीज दोनदा स्कॅन झालेलं असतं, ते दाराशी सापडतं, आणि मग तेच गृहस्थ वळून तीनदा थँक्यू म्हणतात. पावतीवर हायलायटरची रेघ मारायची, लहान मूल असेल तर पाठीमागे एक हसरा चेहरा काढून द्यायचा. हे काम मला आवडायचं, कारण प्रत्येक घराचा महिना समोरून जायचा. डायपरच्या दोन पेट्या आणि रेड बुल: नवे आईबाप. एकाच वेळी चाळीस मफिन: शाळेत कुणाचा तरी वाढदिवस. आणि फेब्रुवारीत किंवा मे महिन्याच्या शेवटी बदामांची तीन पौंडांची पाकिटं, पिस्ते, चॉकलेटं, मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या आणि तापाच्या गोळ्या एका कार्टमध्ये दिसल्या की बिल न बघता सांगता यायचं की ही मंडळी भारतात निघालीत. त्यातल्या काकू बदामाचं पाकीट हातात घेऊन वजन करत असायच्या. तेवीस किलोच्या बॅगेत काय काय बसवायचं हा प्रश्न क्लबाने सोडवलेला नाही.

आपल्या लोकांचं या दुकानाशी नातं जरा वेगळं आहे. आपल्याला घाऊक खरेदी नवी नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, ऊन द्यायचं, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, डब्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा, हे सगळं आईला करताना पाहिलेलं. त्यामुळे वीस पौंडांची गोणी बघून आपण दचकत नाही. पण ती साठवण सगळी कोरडी होती, आणि घरात सात माणसं जेवायला. इथे मोह पडतो तो ओल्या मालाचा. पालकाचा पसरट डबा, सहा ढोबळ्या मिरच्या, मशरूमचा वाडगा, आठ-दहा पेअर, क्रॉसाँची पेटी. भाव पौंडामागे लावला तर सुपरमार्केटच्या निम्मा. पण पालकाचा डबा चार माणसांच्या घरात तीन दिवसांत संपला तर ठीक. चौथ्या दिवशी तळाची पानं काळी पडून ओली होतात आणि वरची त्यांना चिकटतात. विकत घेतलेल्या पौंडाचा भाव एक आणि खाल्लेल्या पौंडाचा भाव दुसरा. हा दुसरा भाव कुठल्या पाटीवर नसतो. मग लोक गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज घेतात, तोही बहुधा क्लबातूनच, आणि त्या फ्रीजच्या तळाशी गेल्या वर्षीच्या पराठ्यांचं पाकीट सापडतं. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा क्लबात मेयोनेजची बरणी बघून त्यांनी विचारलं होतं, "ही बादली कशाची गं?" ती मी घेतलेली नव्हती, पण घेतलेल्यांची घरं मला माहीत आहेत.

शिवाय एवढं करून वाणसामान पुरं होत नाहीच. बासमती, तूप, बदाम, कांदे, दही मिळतं; तूरडाळ, जाड पोहे, बारीक रवा, राजगिरा, गोडा मसाला यांसाठी पुन्हा इस्लिनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत नाहीतर पटेल ब्रदर्सला जावं लागतं. म्हणजे शनिवारची सकाळ क्लबात आणि दुपार इस्लिनला. त्यात जो वेळ जातो, पेट्रोल जातं, ते पैसे-वसूलच्या हिशेबात कुणी धरत नाही. उलट पेट्रोल हेच क्लबाचं आकर्षण. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून, त्यामुळे क्लबाच्या पंपावरही भरायला माणूस असतो आणि तरी गॅलनमागे दहा-वीस सेंट स्वस्त. रोज दूर नोकरीला जाणाऱ्याची फी नुसत्या पंपावर निघते. टायरचं तसंच. माझं मत विचाराल तर ज्याला क्लबाचा सगळ्यात निर्मळ फायदा होतो तो माणूस पंपावर येतो, वर्षातून एकदा टायर आणि औषधं घेतो, आणि आत फारसा शिरत नाही.

माल परत घेण्याच्या बाबतीत मात्र क्लबांना तोड नाही. मेंबरशिपचा आणि परतीचा काउंटर आमच्याकडे शेजारी शेजारी होता, त्यामुळे तिकडचं सगळं कानावर यायचं. गादी वर्षभर झोपून परत आणलेली, सप्टेंबरात खिडकीतला एसी परत आलेला, अर्धं खाऊन झालेलं चीज. परत घेताना आम्ही फारसं विचारत नसू, तसा दंडकच होता. ज्यांना खरंच वाईट माल मिळाला त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि आपल्याकडच्या "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीखाली वाढलेल्या माझ्यासारखीला तर ती चैनच वाटायची. मार्च २०२० मध्ये टॉयलेट पेपरसाठी पहाटेपासून रांग लागली आणि प्रत्येक कार्डावर एकच गठ्ठा अशी मर्यादा आली, तेव्हा पहिल्यांदा परतीच्या काउंटरवर पाटी लागली की टॉयलेट पेपर, जंतुनाशक वाइप्स आणि तांदूळ परत घेतले जाणार नाहीत. पुढे उन्हाळ्यात तरीही लोक कार्टभर गठ्ठे घेऊन आले. एक बाई म्हणाल्या, गाडी गॅरेजमध्ये लावता येत नाही. पाटी दाखवण्यापलीकडे आम्ही काही करू शकत नव्हतो.

गॅरेजचा विषय निघालाच आहे तर जे लोक क्लबात दिसत नाहीत त्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण मला या धंद्यात खटकलेली गोष्ट तीच आहे. स्वस्त माल मिळवायला आधी रोख साठ-पासष्ट डॉलर लागतात, मग गाडी, मग घरी ठेवायला जागा, मग मोठा फ्रीज. ज्याच्याकडे हे चारही आहे त्याला स्वस्ताईची फारशी गरज नसते. एकदा एक बाई काउंटरवर आल्या, हॉटेलांत खोल्या साफ करण्याचं काम करायच्या, दोन मुलं बरोबर. मैत्रिणीने गाडीतून आणलं होतं. त्यांनी विचारलं, फी महिन्या-महिन्याला देता येईल का? आमच्याकडे तशी सोय नव्हती. मग त्यांनी सरकारी मदतीचं कार्ड दाखवलं, ज्याला लोक अजून फूड स्टॅम्पच म्हणतात. ते आत चालतं, धान्य-दूध-भाजी घेता येते. पण त्यातून मेंबरशिपची फी भरता येत नाही, कारण फी म्हणजे काही अन्न नव्हे. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मुलांना घेऊन बाहेर गेल्या. डायपरचं छोटं पाकीट कोपऱ्यावरच्या डॉलर स्टोअरमधून घेणाऱ्याला दर नगामागे आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात, आणि तो ते देतो, कारण त्या आठवड्यात तेवढेच हातात असतात. गावाकडे पाव किलो तेल आणि शंभर ग्रॅम साखर नेणाऱ्याची गत हीच होती. वाण्याकडे निदान वहीवर मांडून ठेवता यायचं.

फीला माणसांची संख्या कळत नाही, हे आणखी एक. एका कार्डाबरोबर त्याच पत्त्यावरच्या एका व्यक्तीला दुसरं कार्ड फुकट मिळतं. पाच जण एका अपार्टमेंटात राहणाऱ्या नव्या आयटीतल्या मुलांना हे फार महत्त्वाचं वाटतं. तिघांची नावं घालता येतील का म्हणून ते हळू आवाजात विचारतात. उसनं कार्ड घेऊन येणाऱ्यांना पूर्वी कुणी अडवत नसे. आता कॉस्टकोने २०२४ मध्ये दारातच स्कॅनर बसवले. फोटो जुळला नाही तर आत सोडत नाहीत. दुसऱ्या टोकाला म्हातारी जोडपी. मुलं कॉलेजला गेली, नोकरीला लागली, आणि हे दोघं सवयीने अठ्ठेचाळीस अंडी नेतात. एक गृहस्थ पत्नीचं नाव काढून टाकायला आले होते, कागद घडी करून खिशात आणलेला. मी नाव काढलं. त्यांनी विचारलं, आता फी कमी होईल का? होत नाही. एकाला तेवढीच, दोघांना तेवढीच. त्यांना मी साध्या कार्डावर आणून दिलं आणि उरलेले पैसे परत करवले, तेवढं माझ्या हातात होतं. त्यांनी कार्ड मात्र बंद केलं नाही. दर मंगळवारी यायचे, दीड डॉलरचा हॉट डॉग आणि सोडा घ्यायचे, टेबलाशी बसायचे, आमच्याशी दोन शब्द बोलायचे. कॉस्टकोत हॉट डॉगचा तो भाव ऐंशीच्या दशकापासून बदललेला नाही. क्लबाला त्यात काय उरतं कोण जाणे, पण मंगळवारी अकरा वाजता त्या टेबलांवर बघितलं तर निम्मी माणसं एकटी असतात.

नोकरी सोडल्यावर ओळखीच्यांचे फोन येतात: कार्ड घ्यावं का? मी उलट विचारते, घरात जेवणारी किती, गॅरेज आहे का, आणि दुकानात यादी घेऊन कोण जातं. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक नवरे-बायका एकमेकांकडे बघतात. दोघांच्याच घराला मी सांगते, एकट्याने घेऊ नका, कुणाबरोबर तरी घ्या. आम्ही आसपासची चार मराठी घरं हेच करतो. दोघांकडे कार्डं आहेत, ते दोघं महिन्यातून एकदा जातात, आणि माल आमच्या बेसमेंटमध्ये उतरतो. यात नवं काही नाही. १९७५ साली, म्हणजे प्राइस यांच्या हँगरच्या एक वर्ष आधी, मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली ती दुकानाशिवायच. शेजारपाजारच्या घरांचा संघ, महिन्याचं मागणीपत्रक, आणि ठरल्या दिवशी टेम्पोने एकाच्या घरी उतरवलेलं वाणसामान. डोंबिवलीत आमच्या दिवाणखान्यात ते यायचं. आई आणि तीन-चार काकू मिळून लावायच्या, कुणाची साखर कुणाच्या पिशवीत गेली यावर संध्याकाळपर्यंत फोन चालायचे. तिथे लागेल तेवढंच मागवायचं असे, हा मोठा फरक. क्लबात लागेल तेवढं मिळत नाही, मिळेल तेवढं वाटून घ्यावं लागतं.

आमच्या वाटणीत तांदूळ, कांदे आणि बदाम वजनकाट्यावर होतात, त्यात भांडण नाही. तांदळाची रिकामी गोणी, ती चेनवाली जाड कापडाची, जुने कपडे ठेवायला सगळ्यांनाच हवी असते; तिची पाळी लावलीय. कोथिंबीर डोळ्यांनी वाटतो, तिथे थोडं मागेपुढे चालतं. अडतं ते दोन टक्क्यांवर. ज्याच्या कार्डावर खरेदी त्याला वर्षाअखेरीस परतावा येतो. तो चौघांत वाटायचा, की फी त्याने भरली म्हणून त्यानेच ठेवायचा, यावर गेल्या दिवाळीच्या फराळाला दोन तास चर्चा झाली. आमच्यात एक चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्यांनी आधी फी वजा करून उरलेले खरेदीच्या प्रमाणात वाटायचा तक्ता करून आणला. त्याप्रमाणे आमच्या वाट्याला अकरा डॉलर आणि काही सेंट येत होते. शेवटी सगळ्यांनी मिळून त्या पैशांत थोडी भर घालून एकदा बाहेर जेवायला जायचं ठरलं. कुठे जायचं ते अजून ठरायचंय.